ऑक्युपेशनल थेरपीकडे वळताना : बेळगाव सीमाभागातील प्रौढ उमेदवारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून तिशी-चाळिशीतली माणसे ऑक्युपेशनल थेरपीविषयी, म्हणजेच व्यवसायोपचाराविषयी, विचारणा करतात तेव्हा त्यांचे प्रश्न नुकत्याच बारावी झालेल्या मुलामुलींच्या प्रश्नांपेक्षा निराळे असतात. त्यांच्यामागे घरचे हप्ते असतात, शाळेत जाणारी मुले असतात आणि पुष्कळदा घरातलाच एखादा रुग्ण असतो, ज्याच्यामुळे या कामाशी त्यांची पहिली ओळख झालेली असते. पुढील उत्तरे अशा उमेदवारांसाठी आहेत. ती उत्साह वाढवण्यासाठी लिहिलेली नाहीत; निर्णय डोळसपणे घेता यावा एवढाच त्यांचा हेतू आहे.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट नेमके काय करतो?

आजार, अपघात, जन्मजात अपंगत्व, मानसिक विकार किंवा वार्धक्य यांमुळे माणसाची रोजची कामे अडतात. ती कामे त्याला पुन्हा करता यावीत, किंवा वेगळ्या रीतीने करता यावीत, यासाठी उपचार करणे हे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे काम आहे. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, स्वयंपाक, शाळेतले लेखन, शेतातले वा कारखान्यातले काम, खेळ, देवपूजा, बाजारहाट यांपैकी जे त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाचे असेल ते सगळे या उपचाराच्या कक्षेत येते.

हे ऐकायला सोपे वाटते, म्हणून एक उदाहरण जरा जवळून पाहू. निपाणी भागात बिडी वळणाऱ्या एखाद्या बाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला असे समजा. महिनाभराने हात खांद्यातून उचलला जातो आहे, बोटेही थोडी मिटत आहेत, आणि घरचे म्हणतात की आता हळूहळू होईल सगळे. थेरपिस्ट इथे बिडी वळण्याच्या कामाची फोड करतो : भिजवलेले पान डाव्या हातात धरणे, उजव्या हाताने कातरणे, चिमटीने तंबाखू पसरणे, अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये वळणे, तोंड दुमडणे, दोरा गुंडाळणे. यांतले कातरणे आणि दोरा गुंडाळणे सर्वांत अवघड, कारण त्यांना बोटांची सुटी हालचाल लागते. पसरण्याचे काम त्या मानाने लवकर जमते. पण बाईंना मांडी घालून बसल्यावर धड उजवीकडे कलते आणि मांडीवरचे सूप घसरते हे पाहिल्यावर लक्षात येते की पहिला अडथळा बोटांत नसून बैठकीत आहे. मग सूप चौरंगावर ठेवले जाते, उजव्या बाजूला आधार दिला जातो, आणि बोटांचे काम त्यानंतर सुरू होते. त्याच आठवड्यात डाव्या हाताने वेणी घालणे, एका हाताने भांडे घासताना ते घसरू नये म्हणून खाली ओले फडके ठेवणे, मागे हूक असलेल्या पोलक्याऐवजी पुढे चिकटपट्टी असलेले पोलके वापरणे हेही शिकवले जाते. तंबाखूच्या धंद्यात परत जावे की नाही हा प्रश्न निराळा आहे आणि त्यावर थेरपिस्टचे स्वतःचे मत असू शकते. परंतु उत्पन्नाचे साधन कोणते हवे हे त्या बाईंनी ठरवायचे असते.

कधी अडचण हातापायांत दिसतच नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेला एखादा शेतकरी थाळीतला उजवीकडचा भात संपवतो आणि डावीकडची भाकरी तशीच ठेवून ‘अजून वाढा’ म्हणतो. घरच्यांना वाटते की म्हाताऱ्याचे डोळे गेले किंवा डोके फिरले. वास्तविक त्याचे डोळे ठीक असतात. डाव्या बाजूकडे लक्ष जाण्याची मेंदूची प्रक्रियाच बिघडलेली असते. असे दोष जेवताना, दाढी करताना, सदरा घालताना उघड होतात, आणि म्हणूनच हा उपचार करणाऱ्याला रुग्ण कामात असताना पाहावा लागतो.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांत फरक काय?

दोन्हींचा पाया बराचसा सारखा आहे. शरीररचना, शरीरक्रिया, मज्जासंस्था, अस्थिरोग हे विषय दोघांनाही असतात. फिजिओथेरपीचा भर हालचाल, ताकद, तोल, वेदना आणि चालणे यांवर असतो. ऑक्युपेशनल थेरपीचा भर त्या हालचालीचा रोजच्या कामात उपयोग होतो आहे का यावर, आणि आकलन, संवेदना, मानसिक स्थिती, घराची रचना, साधने यांवर असतो. मनोरुग्णांच्या पुनर्वसनात ऑक्युपेशनल थेरपीला सुरुवातीपासून स्थान आहे. प्रत्यक्ष रुग्णालयात दोघांच्या सीमा एकमेकींत मिसळतात आणि चांगल्या विभागात त्यावरून भांडण होत नाही.

बेळगावकडे फिजिओथेरपीची ओळख घरोघरी आहे, ऑक्युपेशनल थेरपीची मात्र फारशी नाही. त्यामुळे पदवी मिळाल्यानंतरही ‘म्हणजे तुम्ही मसाज करता का?’ हा प्रश्न कित्येक वर्षे ऐकण्याची तयारी ठेवावी.

माझे वय अडतीस आहे. उशीर झाला का?

कायद्याच्या दृष्टीने नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या ‘नीट’ या प्रवेश परीक्षेची, जिच्या आधारे महाराष्ट्रात या पदवीचेही प्रवेश होतात, कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. किमान वय १७ वर्षांचे आहे, कमाल नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने हिशेब असा की अडतिसाव्या वर्षी सुरुवात केली तर तयारीचे एक-दोन वर्ष आणि अभ्यासक्रमाची साडेचार ते पाच वर्षे धरून पंचेचाळिशीच्या आसपास तुम्ही नवशिके थेरपिस्ट असाल. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांची कारकीर्द उरते. ही कमी नाही, पण पहिली दोन-तीन वर्षे तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान वरिष्ठांच्या हाताखाली काम करावे लागेल. ज्यांना हे मनापासून चालते त्यांनी पुढे वाचावे.

या व्यवसायाचा इतिहास मात्र प्रौढांच्या बाजूने आहे. १९१७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत जॉर्ज बार्टन आणि थॉमस किडनर हे दोघे वास्तुविशारद होते, सुझन कॉक्स जॉन्सन हस्तकलेच्या शिक्षिका होत्या आणि इझाबेल न्यूटन सचिवाचे काम करणाऱ्या होत्या. बार्टन यांना स्वतःला क्षयाने ग्रासले होते आणि पक्षाघातातून बाहेर येताना हाताने काम करण्याचा उपयोग त्यांनी अनुभवला होता.

भारतातले उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे आहे. १९०० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या. फलटणचे कृषिसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. भारतात शिक्षणक्षेत्रात काम केल्यानंतर, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय ऑक्युपेशनल थेरपिस्ट संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. आणि त्याच वर्षी ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारत होता. आज महाराष्ट्रात आणि देशात जे हजारो थेरपिस्ट काम करत आहेत, त्यांची शैक्षणिक वंशावळ अशा एका बाईंपर्यंत पोहोचते ज्यांनी स्वतः उतारवयाकडे झुकताना पेशा बदलला होता.

माझ्याकडे आधीची पदवी आहे. थेट पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेल का?

नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी दोन-अडीच वर्षांचे प्रवेशस्तरीय पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि इंटरनेटवर वाचनात येणारी ‘करिअर बदला’ छापाची बरीचशी माहिती त्यांच्याविषयी असते. भारतात एम.ओ.टी.साठी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर पदवीसाठी, आधी बी.ओ.टी. ही त्याच विषयातली पहिली पदवी हवी. बी.कॉम., बी.एस्सी., बी.एड., एम.एस.डब्ल्यू. यांपैकी काहीही असले तरी पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते; फिजिओथेरपीच्या पदवीधरांनाही ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायचे असेल तर हीच पदवी घ्यावी लागते.

हे उत्तर ऐकून निम्मे लोक परत जातात. त्यात गैर काही नाही.

बारावीला विज्ञान शाखा नव्हती. आता काय करता येईल?

बी.ओ.टी.साठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्यांना ते आता पूर्ण करायचे असतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग उपलब्ध आहे. तिच्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात, आणि नोकरी सांभाळून हा अभ्यास करता येतो. प्रात्यक्षिके मात्र अभ्यासकेंद्रावर जाऊनच करावी लागतात. ती टाळून कागद मिळवून देणारे एजंट भेटतील, त्यांच्यापासून दूर राहावे, कारण प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी होते.

वीस वर्षांनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडणे जड जाते. जीवशास्त्र प्रौढांना तुलनेने लवकर साधते. भौतिकशास्त्रासाठी आठवी ते दहावीचे गणित पुन्हा करून घेतल्यास पुढचा त्रास बराच वाचतो.

प्रवेश परीक्षा कोणती आणि ती मराठीतून देता येते का?

महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्रवेश नीटच्या आधारे होतात. केंद्र सरकारच्या अपंग पुनर्वसन संस्थांचे, म्हणजे कटकजवळील स्वामी विवेकानंद संस्था, कोलकात्याची राष्ट्रीय चलनविषयक दिव्यांगजन संस्था आणि दिल्लीची पंडित दीनदयाळ उपाध्याय संस्था यांचे प्रवेश वेगळ्या सामायिक परीक्षेतून होत आले आहेत. खासगी विद्यापीठांचे नियम आपापले राहिले आहेत. तरीही योजना आखताना नीट द्यावीच लागेल असे धरून चालावे, म्हणजे कोणतेही दार बंद होत नाही.

नीटची प्रश्नपत्रिका तेरा भाषांत निघते, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. सीमाभागातल्यांनी इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी : प्रादेशिक भाषेतील प्रश्नपत्रिका त्या-त्या राज्यातील केंद्रांवरच मिळते. बेळगाव केंद्र निवडले तर मराठी प्रश्नपत्रिका मिळणार नाही. मराठी हवी असल्यास अर्ज भरतानाच कोल्हापूरसारखे महाराष्ट्रातील केंद्र निवडावे लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवारांना हा फरक महागात पडू शकतो. पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीत असल्याने इंग्रजी संज्ञांची सवय आधीपासून करून घ्यावी हे वेगळे सांगायला नको.

बेळगावच्या जवळ शिक्षणाची सोय कुठे आहे?

कर्नाटकात मणिपालचे आरोग्यविज्ञान महाविद्यालय या विषयासाठी जुने आणि नावाजलेले आहे. महाराष्ट्रात मुंबईला के.ई.एम., नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांशी संलग्न महाविद्यालये आहेत, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विभाग आहे. दक्षिणेत वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे. म्हणजे घर सोडावेच लागेल. रोज ये-जा करून होणारे हे शिक्षण नाही, आणि बेळगावातून ज्यांना अजिबात हलता येत नाही त्यांनी खाली दिलेल्या जवळच्या पर्यायांकडे पाहावे.

महाराष्ट्र शासनाने वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशात वेगळी तरतूद केलेली आहे. तिचा लाभ घ्यायचा तर आपले गाव यादीत असणे, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आणि शिक्षण सीमाभागात झाल्याचे पुरावे अशी कागदपत्रे लागतात. चाळिशीतल्या उमेदवाराचे दाखले जुन्या शाळांत, कधी बंद पडलेल्या शाळांत असतात. बोनाफाइड आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळवण्याची धावपळ निकालानंतर सुरू करू नये. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची माहितीपुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचावी, आणि जागा कोणत्या अभ्यासक्रमाला किती आहेत हे तिच्यातूनच पाहावे. गावात कोणीतरी सांगितले यावर विसंबू नये.

अभ्यासक्रमात काय असते?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या रचनेत चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने आंतरवासिता (इंटर्नशिप) अशी साडेचार वर्षांची ही पदवी राहिली आहे. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे ओझे असते. मृतदेहावर हात आणि खांदा उलगडून पाहताना पुष्कळांची भीती मोडते. पुढे मज्जासंस्थेचे रोग, अस्थिरोग, बालरोग, मानसोपचार, हाताचे उपचार, स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी कडक पट्टी, तयार करणे, साहाय्यक साधने, घराची व कामाच्या जागेची रचना हे विषय येतात. रुग्णांबरोबरचे प्रत्यक्ष काम हा या शिक्षणाचा कणा आहे. जागतिक महासंघाच्या किमान निकषांनुसार असे किमान १,००० तास व्हावे लागतात.

स्प्लिंटचे प्रात्यक्षिक प्रौढ विद्यार्थ्यांना विशेष आवडते असा अनुभव आहे. प्लास्टिकचा खास पत्रा गरम पाण्यात सोडला की मऊ पडतो, तो रुमालावर टिपून रुग्णाच्या हातावर ठेवायचा आणि मिनिटा-दोन मिनिटांत, तो पुन्हा कडक होण्याआधी, हाताच्या वळणानुसार बसवायचा असतो. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या बाहेरच्या हाडावर तो जरा जरी रुतला तरी संध्याकाळपर्यंत तिथे लाल वळ उठतो आणि रुग्ण स्प्लिंट कपाटात टाकून देतो. कापड बेतण्याची किंवा पत्रा वाकवण्याची सवय असलेले हात इथे पहिल्या दिवसापासून उठून दिसतात.

नोकरी करत शिकता येईल का? पत्राद्वारे किंवा ऑनलाइन?

नाही. हा पूर्णवेळ, उपस्थिती सक्तीची असलेला अभ्यासक्रम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये संलग्न आरोग्यसेवा कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली आहे. तेव्हा ‘घरबसल्या ऑक्युपेशनल थेरपी’ अशी जाहिरात दिसली तर तिच्यावर एक रुपयाही घालवू नये.

इतकी वर्षे उत्पन्न नसताना घर कसे चालवायचे?

याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातील शुल्क आणि खासगी विद्यापीठातील शुल्क यांत एवढी तफावत असते की प्रवेश कुठे मिळतो यावर सगळे गणित बदलते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळण्याची हमी योजना आहे, पण प्रौढ अर्जदाराकडे बँक व्यवस्थापक सहकर्जदाराचे उत्पन्न बारकाईने पाहतो. घरातील दुसऱ्या कमावत्या व्यक्तीची संमती तोंडदेखली नसावी. गृहकर्ज चालू असेल तर ते आटोक्यात येईपर्यंत थांबणे, आणि तोवर मुक्त विद्यालयातून विज्ञानाचे विषय पूर्ण करणे, हा क्रम अनेकांना परवडणारा ठरतो. जमीन विकून खासगी जागेवर प्रवेश घेऊ नये, असे मला स्पष्टपणे वाटते. या व्यवसायाचे सुरुवातीचे उत्पन्न तो खड्डा लवकर भरून काढणारे नाही.

माझ्या आधीच्या कामाचा काही उपयोग होईल का?

होईल, आणि बहुतेकांना वाटते त्याहून अधिक होईल. प्राथमिक शिक्षकाला मुलाचे अक्षर का बिघडते हे वहीवरून कळते. पेन्सिल धरण्याची पकड, खांद्याची अस्थिरता आणि बाकाची उंची यांचा संबंध त्याला चटकन समजतो. परिचारिकेला रुग्णाला उचलण्याची, लघवीच्या नळीसकट सरकवण्याची भीती नसते. सुतारकाम केलेला माणूस कमोडची उंची, कठड्याची जागा, उंबऱ्यावरचा उतार यांविषयी गवंड्याशी त्याच्याच भाषेत बोलतो.

वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाची गोष्ट आणखी वेगळी आहे. मागावर हात सापडून बोटाच्या आतल्या बाजूचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटले आणि शस्त्रक्रियेने ते जोडले गेले, तर थेरपी काही दिवसांतच सुरू होते. पण जोडलेल्या टेंडनवर जोर देण्याची परवानगी टप्प्याटप्प्याने मिळते आणि जड कामाला साधारण तीन महिने लागतात. हा काळ कारागिराला पटत नाही, कारण मधल्या काळात बोट वरवर बरे दिसते. तुटलेला धागा सांधायला किती जोर लागतो, कांडी बदलताना कोणत्या बोटांचा वापर होतो, मालक किती दिवस थांबेल हे ज्याला आतून माहीत आहे, तो रुग्णाला ‘इतक्यात माग धरू नका’ हे पटवून देऊ शकतो. उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीतले कामगार, चिकोडी-संकेश्वरकडचे ऊसवाले, खानापूरचे भातशेतकरी या सर्वांबाबत हेच म्हणता येईल.

एक धोकाही आहे. आधीच्या पेशात अधिकाराने बोलायची सवय लागलेली माणसे रुग्णाच्या हातातले काम पटकन स्वतः करून टाकतात. बटण लावायला त्याला चार मिनिटे लागत असतील तर चार मिनिटे हात मागे ठेवून बसणे हे कौशल्य आहे, आणि मुख्याध्यापक किंवा शाखाधिकारी राहिलेल्यांना ते शिकायला वेळ लागतो.

कन्नड आलेच पाहिजे का?

बेळगावात काम करायचे असेल तर होय. रुग्णांत मराठी, कन्नड, उर्दू-दखनी बोलणारे सगळेच असतात आणि शासकीय कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. सीमाप्रश्नाविषयी ज्याची जी भूमिका असेल ती असो, पण पक्षाघात झालेल्या कन्नडभाषक आजोबांना उठवताना ‘एळ्री’ म्हणता आले पाहिजे, आणि त्यांना कुठे दुखते हे दुभाष्याविना कळले पाहिजे. मेंदूला इजा झालेल्या माणसाला परकी भाषा समजणे विशेष कठीण जाते, म्हणून मातृभाषेत सूचना देणे हा उपचाराचाच भाग आहे. मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांना बाजारापुरते कन्नड येतेच. ते दवाखान्यापुरते करून घ्यावे लागते.

पदवीनंतर नोंदणी कुठे करायची?

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा २०२१ मध्ये झाला आणि ऑक्युपेशनल थेरपी त्याच्या कक्षेत आहे. या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३,६०० तासांची आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेली असावी लागते, आणि नोंदणी राज्य परिषदेकडे होते. महाराष्ट्रात त्याआधीपासून ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीची स्वतंत्र राज्य परिषद आहे. भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ यांची नोंदणी करते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट तिच्या यादीत नाहीत. पुष्कळ पालक आणि काही संस्थाचालकही हा घोळ घालतात, म्हणून तो इथे सोडवून ठेवला.

बेळगाव भागात काम मिळेल का?

मिळेल, पण तयार खुर्ची क्वचितच असेल. मोठ्या खासगी रुग्णालयांचे मज्जाविकार आणि अस्थिरोग विभाग, मुलांसाठीची थेरपी केंद्रे, विशेष शाळा, आणि घरी जाऊन उपचार देणे ही कामाची मुख्य ठिकाणे आहेत. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे, तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होऊन पुढचे उपचार मिळावेत अशी अपेक्षा असते. मानसिक आरोग्यात रस असणाऱ्यांना धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था जवळ आहे. सरकारी कायम पदे मात्र मोजकी असतात आणि ती निघण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

सर्वाधिक मागणी सध्या मुलांच्या उपचारांत आहे. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे), लक्ष न लागणे अशा तक्रारींसाठी पालक खानापूर, अथणीहून बेळगावला येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे प्रकार २१ झाले आणि स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश झाला, त्यामुळे पालकांची जागरूकताही वाढली आहे. मागणीपाठोपाठ आठवड्याभराचे प्रशिक्षण घेऊन ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावणारेही वाढले आहेत. झोपाळा, चेंडूंचे टाके आणि रंगीत गाद्या विकत मिळतात; मुलाला काय आणि किती द्यायचे याचा निर्णय विकत मिळत नाही. अशा केंद्रात ‘आधी काम करा, पदवी नंतर बघू’ असे कोणी सुचवले तर नकार द्यावा. मदतनीस म्हणून, मदतनीस याच नावाने, पदवीधर थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करण्यात मात्र काहीच कमीपणा नाही.

तालुक्याच्या गावात, मोठ्या माणसांसाठी, घरी जाऊन काम करणाऱ्यांची मोठी उणीव आहे. झटका आलेल्या रुग्णाला मिरज, कोल्हापूर किंवा बेळगावच्या रुग्णालयातून घरी सोडतात आणि तिथून पुढे तो खाटेवर पडून राहतो. या कामात प्रवास फार, पैसे हळूहळू, पण स्पर्धा जवळपास नाही.

काम शरीराला झेपणारे आहे का?

मध्यम. रुग्णाला खाटेवरून खुर्चीवर घेणे, मुलांबरोबर जमिनीवर बसणे-उठणे, दिवसभर उभे राहणे असते. उचलण्याची तंत्रे शिकवली जातात. गुडघे किंवा कंबर आधीच बिघडलेली असेल तर हाताचे उपचार, मानसिक आरोग्य किंवा अध्यापन या शाखा सोयीच्या पडतात.

परदेशात जाण्यासाठी हा मार्ग चांगला आहे का?

तेवढ्यासाठी घेऊ नये. संस्थेचा अभ्यासक्रम जागतिक महासंघाने मान्य केलेला असेल तर वाट सुकर होते, पण प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी असते; अमेरिकेत राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि तिथे प्रवेशपातळीच पदव्युत्तर आहे. पंचेचाळिशीत पदवी घेऊन पुन्हा ही चढण चढणे फार थोड्यांना जमते.

एवढा काळ देणे शक्य नसेल तर जवळचे पर्याय कोणते?

आधीची पदवी असणाऱ्यांसाठी विशेष शिक्षणातील बी.एड. हा दोन वर्षांचा, भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आहे. विशेष मुलांबरोबर काम करण्याची ज्यांची ओढ आहे अशा शिक्षकांना मी बहुधा हाच सुचवतो. बारावीनंतरची विशेष शिक्षणातील पदविकाही दोन वर्षांची असते. वाचा व श्रवणविषयक पदवीसाठी कर्नाटकातच मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, पण तिथेही विज्ञान लागते आणि वर्षे जवळपास तितकीच. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन रुग्णालयातील किंवा पुनर्वसन संस्थेतील समाजकार्यकर्ता होता येते. या सर्वांचे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या शेजारी बसून चालते.

निर्णय घेण्याआधी काय करून पाहावे?

एखाद्या पदवीधर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, रुग्णांची परवानगी घेऊन, काही दिवस नुसते बसावे. पहिल्या दिवशी सगळे रोचक वाटते, म्हणून एका दिवसावरून ठरवू नये. तोच मुलगा, तोच मणी ओवण्याचा खेळ, आणि गेल्या आठवड्याइतकीच प्रगती असे दृश्य तिसऱ्या-चौथ्या भेटीत दिसते. ते पाहताना कंटाळा येतो की कुतूहल वाढते हे स्वतःला विचारावे. लहान मुलांबरोबरचे काम पाहिले असेल तर वयस्कर रुग्णाच्या घरची एक भेटही पाहावी, जिथे लाळ पुसावी लागते, संडासाविषयी मोकळेपणाने बोलावे लागते आणि घरातली सून थकून गेलेली असते. थेरपिस्टला महिन्याचे उत्पन्न विचारायला संकोचू नये. बहुतेक जण खरे सांगतात. त्याचबरोबर मुक्त विद्यालयाचे जीवशास्त्राचे पुस्तक आणून मज्जासंस्थेचे प्रकरण रात्री जेवणानंतर वाचायला घ्यावे, आणि दोन आठवड्यांनी ते संपले आहे का ते पाहावे.